मागचा बाक

"ही ओळ रिकामी का सोडलीस, सिस्टर एनिड?"

लिनव्हलनं हातातला काटा खाली ठेवला आणि रविवारच्या जेवणाच्या भरलेल्या टेबलावरच्या कागदावर बोट टेकवलं. नारळाच्या दुधात शिजवलेला तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात वाफाळत होता, शेजारी बकऱ्याचं कालवण होतं. लिनव्हलची बायको पॉलेट वाढता वाढता थांबली. त्यांची सात वर्षांची मुलगी केझिया तेवढी भाजलेल्या नीरफणसाचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिली, कारण मोठ्यांच्या भांडणाला सुरुवात झालीय हे तिला अजून कळलं नव्हतं.

सिस्टर एनिड... पाठचा सख्खा भाऊ, पण तो तिला हेच म्हणायचा. चर्चमधल्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं, चारचौघांतही आणि घरातही. बोबडं बोलायला लागला तेव्हा त्याला 'एनिड' म्हणता येईना, म्हणून तो तिला 'नीनी' म्हणायला लागला, आणि चांगला बारा वर्षांचा होईपर्यंत म्हणत होता. ते नाव त्यानं कुठल्या दिवशी टाकून दिलं, हे एनिडला तारखेनिशी ठाऊक होतं.

"काय लिहू?" तिनं शांतपणे विचारलं.

"खरं ते लिही. गांजा जवळ कशासाठी बाळगला होता, एवढंच विचारलंय. ओढण्यासाठी बाळगला, चूक झाली, पश्चात्ताप झालाय. तीन ओळी लिही, मी आत्ता सही करून शिक्का मारतो."

"मी कधीच ओढला नाही."

"कोर्टात तूच सांगितलंस."

"कोर्टात सांगितलं," एनिड म्हणाली, आणि तिनं भाताचा घास घेतला. 

आता हा कागद कसला, ते सांगायला हवं. गेल्या वर्षी जमैकाच्या सरकारनं गांजाचा कायदा बदलला. दोन औंसांपर्यंत कुणाजवळ सापडला तर आता कोर्ट नाही, तुरुंग नाही, नुसती दंडाची पावती; शिवाय घरटी पाच झाडं लावायची मुभा. गिब्स गली या त्यांच्या गावात डोंगरउतारावर राहणाऱ्या म्हाताऱ्या ज्युबलनं दुसऱ्याच दिवशी पाच रोपं अंगणात अगदी फाटकाजवळ लावली, आणि पोलिसांची गाडी गेली की तो टोपी काढून त्यांना नमस्कार करायचा. गावाची तेवढीच करमणूक झाली. पण त्याच कायद्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आली होती, आणि ती एनिडनं रेडिओवर ऐकली तेव्हा तिच्या हातातला धुण्याचा पिळा टोपल्यात तसाच पडला. एवढ्यातेवढ्या गांजासाठी ज्यांना पूर्वी शिक्षा झाली होती, त्यांनी अर्ज केला तर पोलिसांच्या दप्तरातून त्यांचं नाव पुसून मिळणार होतं.

एनिड अठ्ठावन्न वर्षांची होती. तिचं नाव त्या दप्तरात चोविसाव्या वर्षी चढलं होतं. त्याआधी ती चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या बालशाळेत शिकवत होती. गावातल्या चाळिशीच्या निम्म्या माणसांकडून अक्षरं तिनं गिरवून घेतलेली. त्यानंतर चौतीस वर्षं तिनं लोकांचे कपडे धुतले आणि बाजारात यामचे कंद विकले. ती कधी कुरकुरली नाही, पण शाळेच्या खिडकीखालून जाताना मुलांचा गलका कानावर आला की तिची पावलं आपोआप हळू व्हायची. ईस्टरपासून त्या शाळेत एक शिक्षिका कमी होती. सप्टेंबरात वर्ग सुरू होणार, बाई मिळत नाही, आणि नेमणुकीला एकच अट आडवी येत होती: पोलिसांचा स्वच्छ दाखला. शाळेच्या समितीचा अध्यक्ष लिनव्हल. चर्चचा डीकन, पाळकांच्या खालोखालचा मानकरी, लिनव्हल. सही आणि शिक्क्याचा सरकारी मान मिळालेला गावातला एकुलता एक जेपी, तोही लिनव्हल. दहा वर्षं ओळखणाऱ्या जेपीनं 'अर्जदाराचं म्हणणं खरं आहे असं मी मानतो' असं लिहून सही द्यायची होती. दुसरा जेपी खाली बंदराच्या गावात होता, आणि तो एनिडला ओळखत नव्हता.

"चौतीस वर्षं," लिनव्हल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे, आणि एनिडला त्याचंच जास्त लागायचं. "चौतीस वर्षांत तुझ्या तोंडून 'चुकले' एवढा एक शब्द निघाला नाही. चर्चनं तुला सहा महिनेच मागच्या बाकावर बसायला सांगितलं होतं. सहा महिन्यांनी पाळकांनी स्वतः बोलावलं, ये, चूक कबूल कर आणि पुढं येऊन बस. तू गेली नाहीस. आजतागायत तिथंच बसतेस. लोक मला विचारतात, डीकन, तुमची बहीण अजून मागं का? मी काय सांगू त्यांना? जिला पश्चात्तापच नाही तिच्यासाठी मी सही कशी करू?"

पॉलेट हळूच म्हणाली, "जेवताना कशाला हे..."

"तूच सांग मग, कधी बोलायचं?"

एनिडनं तोंड उघडलं. खरंच उघडलं... एक वाक्य, फक्त एकच वाक्य बोलायचं होतं, आणि चौतीस वर्षांची ती धोंड छातीवरून उतरली असती! पण सहीच्या बदल्यात ते बोलायचं? केलेलं बोलून दाखवलं की केलेल्याची माती होते, असं तिची आजी टिल्डा म्हणायची. एनिडनं तोंड मिटलं.

तेवढ्यात पॉलेट उठली आणि कपाटावर बायबलच्या शेजारी ठेवलेली छोटी बाटली घेऊन आली. केझियाच्या औषधाची वेळ झाली होती. पोरीला दोन वर्षांपासून झटके यायचे. किंग्स्टनच्या मोठ्या डॉक्टरांनी आता हे थेंब लिहून दिले होते, आणि तीन महिन्यांत झटके निम्म्यावर आले होते. काचेची तपकिरी बाटली, वर मोहोर, पांढरी चिठ्ठी. त्यात काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गांजाचा अर्कच तो, डॉक्टरांच्या कागदानं आलेला.

लिनव्हलनं एनिडची नजर पाहिली आणि तो जरा घाईनंच म्हणाला, "हे औषध आहे. मोजून दिलेलं. तुझं ते व्यसन होतं. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"हो," एनिड म्हणाली, "फरक आहे."

केझियानं ओठ घट्ट मिटले. औषध कडूजहर होतं आणि ती ते आईच्या हातून सुखासुखी घेत नसे. एनिडनं नेहमीप्रमाणं चमचा घेतला, त्याच्या आतून संत्र्याची ताजी साल चोळली, पिमेंटोचे दोन मसालेदार दाणे नखानं चुरडून त्याचा वास चमच्याला लावला, मधाचं बोट फिरवलं आणि त्यावर थेंब टाकले. मग दुसऱ्या चमच्यात एक थेंब स्वतःसाठी. "आधी मी," ती म्हणाली आणि चाटून तिनं तोंड असं वेडंवाकडं केलं की पोर हसली. "मग तू." पोरीनं गुमान घेतलं.

मग एनिडनं कागदाची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली, जेवण छान झालं होतं असं पॉलेटला सांगितलं आणि ती डोंगराची वाट चढून घरी गेली.

काय झालं होतं चौतीस वर्षांपूर्वी?

त्यांची आई लिनव्हलला जन्म देऊन त्याच रात्री गेली. वडील फ्लोरिडात ऊस तोडायला गेले ते तिकडचेच झाले. बारा वर्षांच्या एनिडनं ते लालभडक गाठोडं कमरेवर घेतलं आणि ते तिच्या कमरेवरच वाढलं. पोराला दमा होता. डोंगरात धुकं उतरलं की त्याची छाती शिट्टीसारखी वाजायची, ओठ निळे पडायचे, आणि दवाखाना होता अकरा मैल खाली. आजी टिल्डाकडं त्यावर एकच उपाय होता, जो तिच्या आजीकडून आला होता आणि त्या डोंगरातल्या प्रत्येक घरात पलंगाखाली असायचा: पांढऱ्या रमच्या बाटलीत गांजाची पानं मुरत घातलेली. एक चमचा पोटात, दोन चमचे छातीला चोळायला. टिल्डा स्वतः नेमानं चर्चला जायची आणि गांजा ओढणाऱ्यांना झाडूनं हाकलायची. पण बाटली म्हणजे गांजा, असं तिच्या मनातही कधी आलं नाही. बाटली म्हणजे औषध. मुलांना त्यात काय आहे ते सांगायचं नाही, एवढाच नियम. विचारलं तर 'पाला आहे' म्हणायचं.

टिल्डा गेली तेव्हा लिनव्हल नऊ वर्षांचा होता. बाटली एनिडकडं आली. कडू लागतं म्हणून पोर रडायचं, म्हणून संत्र्याची साल आणि पिमेंटो ही भर तिची. आणि 'आधी मी, मग तू' हेही तिचंच.

लिनव्हल बारा वर्षांचा होता त्या वर्षी पोलीस दुसऱ्याच कुणाच्या गांजाच्या मळ्याच्या मागावर आले होते. मळा सापडला नाही, म्हणून मग गल्लीतलं एकेक घर झडतीला लागलं. डोंगरमाथ्यावरच्या मोठ्या बंगल्यात दर शनिवारी तरणी पोरं जीपगाड्या घेऊन यायची आणि वाऱ्यावर त्यांच्या धुराचा वास खाली गावापर्यंत यायचा; तिथं कुणी गेलं नाही. एनिडच्या पलंगाखाली बाटली आणि कागदी पिशवीत मूठभर पानं सापडली. लिनव्हल तेव्हा शाळेत होता.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, कुणासाठी? एनिडनं तोंड उघडण्याआधी तिला आठवली ती खालच्या गल्लीतली व्हर्ली. वर्षभरापूर्वी तिनं आपल्या पोराला तापात गांजाचा काढा दिला असं कुणीतरी कळवलं, आणि सरकारी बाई गाडी घेऊन आली. लहान मुलाला नशा देते म्हणून तिची दोन्ही मुलं त्या गाडीतून अनाथालयात गेली. धाकटा परत आलाच नाही. व्हर्लीला निदान नवरा होता! इथं तर आई नाही, बाप नाही, बारा वर्षांचं दमेकरी पोर आणि त्याची चोवीस वर्षांची अविवाहित बहीण...

"माझ्यासाठी," एनिड म्हणाली. "मी ओढते."

नव्वद दिवसांचा तुरुंगवास झाला. ते नव्वद दिवस लिनव्हलला पाळकांच्या बायकोनं आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि पुढंही तो तिथंच राहिला. त्या घरात पियानो होता, पुस्तकं होती, दम्याचा शहरी फवारा होता. त्या घरातून तो मोठ्या शाळेत गेला. आणि त्याच घरात, जेवणाच्या टेबलावर, त्याला रोज रात्री सांगितलं गेलं की त्याच्या बहिणीनं व्यसनापायी त्याला वाऱ्यावर सोडलं. एनिड सुटून आली त्या दिवशी ती थेट त्याला भेटायला गेली. तो पायरीवर उभा होता, पांढरे मोजे घालून. "गुड आफ्टरनून, सिस्टर एनिड," तो म्हणाला.

तारीख होती एकोणीस नोव्हेंबर.

चर्चनं तिला मागच्या बाकावर बसवलं. तो त्यांचा जुनाच रिवाज. लग्नाआधी पोट आलेल्या पोरी, दारुडे, तुरुंगातून आलेले, सगळे सहा महिने दाराजवळच्या त्या बिनगादीच्या बाकावर. मग एके रविवारी उभं राहायचं, सगळ्यांसमोर आपलं पाप नाव घेऊन कबूल करायचं, आणि पुढं यायचं. एनिडचे सहा महिने भरले, पाळकांनी हाक मारली, ती उभी राहिली... आणि खाली बसली. कोर्टात ती खोटं बोलली होती, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण देवाच्या घरात उभं राहून 'मी ओढत होते' म्हणायचं? ते तिच्या जिभेवर येईना. आणि खरं सांगावं, तर पोर पाळकांच्या समोरच पहिल्या रांगेत बसलेलं.

सहा महिन्यांची चौतीस वर्षं झाली ती अशी. हट्टी आहे, लोक म्हणाले. तिला त्याचीही सवय झाली.

त्या रविवारच्या जेवणानंतर तीन आठवडे ती भावाच्या घरी फिरकली नाही. ऑगस्ट संपत आला होता. कागद तिनं आरशाच्या मागं खोचून ठेवला. येता-जाता त्याचा एक कोपरा दिसायचा.

मग एका गुरुवारी सकाळी लिनव्हल स्वतः वाट चढून आला. गळ्यातला टाय सैल, बुटांना चिखल, कडेवर केझिया. एनिड परसात कलालूची पालेभाजी खुडत होती. त्याला दम लागला होता, आणि त्या श्वासाचा आवाज ऐकून तिच्या काळजाला जुनाच चटका बसला.

पॉलेट तिच्या आजारी आईकडं किंग्स्टनला गेली होती, तिला दोन दिवस झाले होते. आणि दोन दिवस ही पोरगी औषध घेत नव्हती. थुंकून टाकत होती. काल रात्री एक छोटा झटका येऊन गेला. लिनव्हलनं हे सगळं तोंड फिरवून सांगितलं, याचक म्हणून यायची त्याला सवय नव्हती. "ती म्हणते, आत्यासारखं दे. मला ते जमत नाही."

एनिडनं हात धुतले. आत जाऊन तिनं संत्रं सोललं, चमच्याला साल चोळली, पिमेंटोचे दाणे चुरडले, मधाचं बोट फिरवलं. लिनव्हल दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. थेंब टाकले, दुसऱ्या चमच्यात एक थेंब, तोंड वेडंवाकडं. "आधी मी."

"आता डॅडी," केझिया म्हणाली.

"डॅडीला नको."

"डॅडीनं घेतलं तरच मी घेणार. रोज मलाच कडू का?"

लिनव्हल वैतागला, पण पोरीपुढं त्याचं काही चालत नसे. एनिडनं आणखी एका चमच्याला साल आणि पिमेंटो चोळून त्यावर एक थेंब टाकला, आणि त्यानं तो चाटला.

आणि तो तसाच उभा राहिला.

एनिडला वाटलं, ठसका लागला. पण ठसका नव्हता. त्याची जीभ टाळूला लागली होती, डोळे कुठंतरी लांब गेले होते, आणि त्याचा उजवा हात हळूहळू वर आला आणि छातीवर, बरगड्यांच्या मधोमध, बरोबर त्या जागी जाऊन थांबला जिथं ती रात्र रात्र बसून चोळायची. माणूस सगळं विसरतो, पण जीभ विसरत नाही. त्यानं केझियाकडं पाहिलं, सालीकडं पाहिलं, पिमेंटोकडं पाहिलं.

"हे... मी हे घेतलंय."

 एनिडनं केझियाला थेंब दिले, पोरीनं घेतले, तोंड पुसून घेतलं आणि ती कोंबड्यांमागं परसात पळाली.

"आजीचा पाला," लिनव्हल म्हणाला. "पलंगाखालची बाटली. ती... माझी होती?"

"केळ घे, जीभ कडू झाली असेल."

"माझी होती का, सांग."

"तुझीच," एनिड म्हणाली. "दुसरी कुणाची असणार? मला कुठं दमा होता?"

तो पायरीवर बसला.   मग त्यानं विचारलं की तिनं कोर्टात सांगितलं का नाही, आणि तिनं त्याला व्हर्लीची मुलं आणि ती गाडी सांगितली. तो ते ऐकून घेत गेला, आणि त्याचा चेहरा म्हातारा होत गेला.

"पण नंतर? मी मोठा झाल्यावर? त्या दिवशी, जेवताना... मी तुला पश्चात्तापाच्या गोष्टी सांगत होतो, आणि तू भात खात बसलीस!"

"नंतर तू पाळकांच्या घरातला झालास. मग मास्तर झालास, मग डीकन. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी वाटायचं, आता सांगून काय होणार, याच्या मनाला घोर लागेल तेवढा." ती कलालूची पानं निवडायला लागली, हात रिकामे ठेवणं तिला कधी जमलं नाही. "आणि खरं सांगू? मला रागही होता. वाटायचं, याला न सांगताच कळायला हवं. नव्वद दिवस तिकडं मी रोज एकच विचार करायचे, की धुकं पडलं असेल, पोराची छाती वाजत असेल. आणि आले तर तू मोजे घालून उभा. सिस्टर एनिड म्हणालास मला."

लिनव्हलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सेहेचाळीस वर्षांचा, गावाला पाप-पुण्य समजावून सांगणारा तो भारदस्त माणूस हुंदके देऊन रडला... एनिड उठली, त्याच्याजवळ गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही ते तिला ठरवता येईना, शेवटी तिनं तो खांद्यावर ठेवला.

मग त्यानं कागद मागितला. तिनं आरशामागून काढून दिला, आणि वर बजावलं की त्यात त्याचं नाव घालायचं नाही. शाळेची समिती आहे, चर्च आहे, लोक काय म्हणतील. त्यानं कागद खिशात घातला, मुलीला हाक मारली, आणि तो वाट उतरून गेला. ना सही केली, ना हो म्हणाला. शुक्रवार गेला, शनिवार गेला, त्याच्याकडून काही निरोप नाही. एनिडनं रविवारचे कपडे इस्त्री करताना स्वतःची समजूत घातली: कळलं ना त्याला, बास झालं. कागदाचं काय एवढं.

रविवारी ती नेहमीसारखी दाराजवळच्या बाकावर बसली. गाणी झाली, प्रार्थना झाली. सूचना वाचायला लिनव्हल उभा राहिला. शुक्रवारी छताच्या गळतीची दुरुस्ती, बुधवारी महिलांची सभा. मग त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला की आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सूचना नाही.

त्यानं सगळं सांगितलं. दमा, आजी, पलंगाखालची बाटली, कोर्ट. एकदाही थांबला नाही, बायबलचं एकही वचन मध्ये आणलं नाही, जणू हजेरी घेतोय अशा आवाजात सांगत गेला. त्या डोंगरातलं प्रत्येक म्हातारं माणूस मान खाली घालून ऐकत होतं, कारण तशी बाटली कुणाच्या पलंगाखाली नव्हती?

"माझ्या मुलीच्या बाटलीवर मोहोर आहे, म्हणून मी ताठ मानेनं फिरतो," तो म्हणाला. "माझ्या बहिणीच्या बाटलीवर मोहोर नव्हती, म्हणून तिनं नव्वद दिवस भोगले. औषध एकच. आणि वर आपण तिला मागं बसवलं. अर्जातली ती रिकामी ओळ मी माझ्या हातानं भरलीय. 'माझ्या भावाच्या दम्यासाठी', असं लिहिलंय. तिनं खाली सही करावी म्हणून अर्ज आज इथं आणलाय. माझी सही झालेली आहे, आणि भावाची चालत नाही म्हणाले तर बंदरच्या जेपींना मी स्वतः जाऊन भेटणार आहे."

(त्यांना भेटावं लागलंच. गावातल्या म्हाताऱ्यांनी तिच्या ओळखीची साक्ष दिली, तेव्हा त्यांनी सही केली. अर्ज मंजूर होऊन यायला जानेवारी उजाडला, आणि पहिल्या दिवशी एनिडनं खडू हातात घेतला तेव्हा फळ्यावरचं पहिलं अक्षर तिनं मुलांनाच विचारून काढलं. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी तिला कागदाची आठवणसुद्धा नव्हती.)

तरुण पाळक उठले. त्यांचे डोळे भरले होते. ते म्हणाले की सिस्टर एनिडनं आता पुढं यावं, ही जागा तिची आहे. सगळी डोकी मागं वळली. एनिडला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मला इथंच बरं आहे. दारातून वारा येतो."

कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक शिंकरलं. लिनव्हल मात्र हसला नाही.

"रिवाज असा आहे," तो म्हणाला, "की चूक करणाऱ्यानं सहा महिने मागं बसायचं. तिनं कबूल करण्यासारखं काही केलंच नव्हतं. मी केलंय. बहिणीच्या जिवावर वाढलो आणि तिलाच पश्चात्ताप शिकवला."

त्यानं सूचनांची वही पाळकांच्या हातात दिली, आपल्या गादीच्या खुर्चीवरचं बायबल उचललं आणि तो मधल्या वाटेनं चालत निघाला. पहिली रांग मागं पडली, मग दुसरी, मग आदल्या दिवशी किंग्स्टनहून परतलेल्या पॉलेटची आणि केझियाची. केझियानं विचारलं, डॅडी कुठं चाललाय, आणि पॉलेटनं तिला जवळ ओढलं. एनिड समोर बघत राहिली. बूट जवळ आले आणि बाकाशी थांबले. बाक दोघांपुरताच होता, आणि ती चौतीस वर्षं त्याच्या मधोमध बसत आली होती.

"सरक जरा, नीनी," तो म्हणाला.

एनिडनं पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ती भिंतीकडं सरकली.